मॅनिफेस्टवर ‘केमिकल वेस्ट’ लिहिलं आणि गाडी परत आली: वर्णनाच्या रकान्याची दुरुस्ती

आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत. अठरा माणसं, जॉबवर्कचं काम, एका शेडमध्ये झिंक प्लेटिंग, दुसऱ्यात पावडर कोटिंग आणि थोडं लिक्विड पेंटिंग. मी मूळची अकाउंट्सची. छोट्या कारखान्यात ज्याला टॅली येतं त्याच्याच गळ्यात प्रदूषण मंडळाचे कागदही पडतात, तसे माझ्या गळ्यात पडले.

घातक कचऱ्याची गाडी आमच्याकडून तीनदा गेली आणि तीनदा परत आली, तीही आठ महिन्यांत. पहिल्या दोन वेळा चूक माझीच होती आणि लवकर सापडली. तिसऱ्या वेळी मात्र सगळे कागद बरोबर होते, तरी संध्याकाळी साडेसातला पिंपं पुन्हा गेटात उभी. ते कसं झालं ते शेवटी सांगते, कारण आधीच्या दोन चुका समजल्याशिवाय तिसरी समजत नाही.

पहिल्या वेळी मी मॅनिफेस्टवर, म्हणजे घातक कचऱ्याच्या गाडीबरोबर जाणाऱ्या फॉर्म १० वर, कचऱ्याच्या वर्णनात लिहिलं होतं ‘केमिकल वेस्ट’. शेजारी कोड टाकायचा असं कुणीतरी म्हणालं, म्हणून जीएसटी बिलावरचा एचएसएन कोड टाकला. हसू नका. अकाउंट्सच्या माणसाला ‘कोड’ म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. हा किस्सा सांगितल्यावर ओळखीतल्या आणखी दोघांनी तेच केल्याचं कबूल केलं.

कोड हवा असतो तो घातक व इतर कचरा नियम, २०१६ च्या अनुसूची १ मधला. या अनुसूचीत आधी प्रक्रियेचा क्रमांक आणि मग त्या प्रक्रियेतून निघणाऱ्या कचऱ्याचा. धातूच्या पृष्ठभागावरची प्रक्रिया म्हणजे १२, त्यातला फॉस्फेट गाळ १२.५, वापरून संपलेलं ॲसिड किंवा अल्कली १२.२, सायनाइड किंवा विषारी धातू असलेला संपलेला बाथ (टाकीतलं द्रावण) आणि गाळ १२.३, प्लेटिंगचा धातुयुक्त गाळ १२.८. हायड्रॉलिक किंवा वंगणाचं वापरलेलं तेल ५.१. पेंट-शाईच्या कामातला गाळ आणि अवशेष २१.१. सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ ३५.३. पुणे परिसरातल्या बहुतेक छोट्या इंजिनिअरिंग युनिटांचं काम एवढ्यात भागतं.

पण अनुसूची पाठ करून उपयोग नाही. तुमच्या कन्सेंट-ऑथोरायझेशनच्या, म्हणजे मंडळाने कारखान्याला आणि त्याच्या घातक कचऱ्याला दिलेल्या परवानगीच्या कागदावर घातक कचऱ्याचा तक्ता असतो, त्यात प्रकार, कोड, प्रमाण, एकक आणि विल्हेवाटीची पद्धत दिलेली असते. मॅनिफेस्टवरचं वर्णन त्या तक्त्यातल्या ओळीशी जुळलं पाहिजे. तिथे ‘फॉस्फेट स्लज’ असेल तर मॅनिफेस्टवरही ‘फॉस्फेट स्लज’. ‘कोटिंग प्लँटचा गाळ’ नको, ‘पांढरा गाळ’ नको. तुमच्या सुपरवायझरला तो पांढरा गाळ म्हणूनच माहीत असेल, पण पलीकडे कागद तपासणाऱ्याने तुमची टाकी पाहिलेली नसते.

आणि इथेच एक जुनं दुखणं आहे. २००८ च्या नियमांत सांडपाण्याच्या रासायनिक गाळाचा कोड ३४.३ होता, २०१६ मध्ये तो ३५.३ झाला. घातक रसायनं लागलेली रिकामी पिंपं तेव्हा ३३.३ होती, आता ३३.१ आहेत. कारखाना जुना असेल तर स्टोअरमधली रजिस्टरं, कॉम्प्युटरमधला ‘फायनल मॅनिफेस्ट फॉरमॅट’, भिंतीवर चिकटवलेला तक्ता, सगळीकडे जुने आकडे राहिलेले असतात आणि नवा माणूस तेच उतरवत राहतो. कोड चुकला म्हणून कागद परत आला असेल तर सगळ्यात आधी हेच बघा. जुनी फाइल नुसती बाजूला ठेवू नका, फॉरमॅट पुसूनच टाका, कारण ज्या दिवशी तुम्ही सुट्टीवर असाल त्या दिवशी नेमकी तीच उघडली जाते.

दुसऱ्यांदा गाडी परत आली ती एककामुळे. वापरलेल्या तेलाची पाच पिंपं होती. मी एकूण प्रमाणाच्या रकान्यात ‘५’ लिहिलं आणि पुढे छापील ‘मेट्रिक टन’ तसंच राहिलं. आमच्या ऑथोरायझेशनमध्ये तेलाचं वर्षाचं प्रमाण दीड टन. म्हणजे कागदावर आम्ही एका दुपारी तीन वर्षांहून जास्त तेल बाहेर काढलं होतं.

फॉर्मवर प्रमाण टनात किंवा घनमीटरमध्ये मागतात, डब्यांची संख्या वेगळ्या जागी. पिंप २०० लिटरचं असेल तर पाच पिंपं म्हणजे १,००० लिटर, म्हणजे १ घनमीटर. वापरलेल्या तेलाची घनता साधारण ०.८८ धरली तर वजन ८८० किलो, म्हणजे ०.८८ टन. ऑथोरायझेशनच्या तक्त्यात एकक टनात असेल तर मॅनिफेस्टवरही टनातच लिहा, म्हणजे वर्षअखेरीला फॉर्म ४ चं विवरण भरताना बेरीज आपोआप जुळते. ते विवरण ३० जूनपर्यंत द्यावं लागतं आणि तेव्हा लिटर, किलो, पिंपं आणि गोण्या यांची बेरीज करत बसणं काय असतं ते मी एकदा भोगलंय. रिकाम्या पिंपांचा तर वेगळाच गोंधळ. तक्त्यात ती बऱ्याचदा नगांत असतात आणि घेणारा वजनात मोजतो. दोन्ही आकडे लिहा.

गाळाच्या वजनाचा घोळ मला जरा सावकाश सांगावासा वाटतो, कारण त्यात खोटेपणा कुणाचाच नसतो आणि तरी संशय येतो. गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून केक, म्हणजे दाबलेला गाळ निघतो तेव्हा त्यात पाणी भरपूर असतं. समजा १,००० किलो केकमध्ये ७० टक्के पाणी आहे, म्हणजे कोरडा ऐवज ३०० किलो. तो शेडमध्ये वाळून पाणी ४० टक्क्यांवर आलं की त्याच गाळाचं वजन ५०० किलो भरतं. रजिस्टरमध्ये प्रेसच्या दिवशीचं वजन, मॅनिफेस्टवर गाडीच्या दिवशीचं. तपासणीत प्रश्न येतो की उरलेला अर्धा टन गेला कुठे? आम्ही आता दोन्ही दिवसांची वजनं लिहितो आणि मध्ये एक ओळ, ‘वाळल्याने घट’. पावसाळ्यात उलटंही होतं. आमच्या शेडचा एक पत्रा गळायचा, त्याखालच्या गोण्या जुलैत जड झाल्या होत्या. पत्रा बदलला तेव्हा ‘वजनात फरक’ हा आजार अर्धा बरा झाला.

याच गाळाची भौतिक अवस्थाही लोक चुकवतात. घन, अर्धघन, गाळ, तेलकट, डांबरी, स्लरी, द्रव असे पर्याय फॉर्मवर असतात. हाताला घट्ट लागतो म्हणून ‘घन’ वर खूण केली आणि प्रक्रिया केंद्रात गोणी उघडल्यावर तळाशी पाणी साचलेलं निघालं, तर तिथला केमिस्ट थांबवणारच. सुटं पाणी असलेला माल भूभरणात, म्हणजे कचरा पुरायच्या लँडफिलमध्ये घालता येत नाही. प्रत्येक खेपेला केंद्र नमुना घेऊन पीएच, ओलावा, ज्वलनशीलता असल्या झटपट चाचण्या करतं आणि आधी दिलेल्या सविस्तर पृथक्करणाशी ताडून बघतं. तुमचं वर्णन तिथे एका माणसाच्या हातातल्या बीकरशी जुळावं लागतं. कागद कागदाशी जुळला एवढ्यावर तिथे भागत नाही.

आता एका फॉर्मवर चार प्रकार कोंबण्याबद्दल. गाडी एकच आहे म्हणून मॅनिफेस्टही एकच, असं आमच्या मालकांचं म्हणणं होतं. मी त्यांना फॉर्म समोर ठेवून विचारलं, साहेब, एकूण प्रमाण लिहू ते कुणाचं? आणि अवस्था लिहू ती गाळाची की थिनरची? शिवाय वापरलेलं तेल जातं अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे आणि गाळ जातो सामायिक प्रक्रिया केंद्राकडे, म्हणजे घेणारेच वेगळे. प्रत्येक प्रकाराचा वेगळा मॅनिफेस्ट केल्यापासून एक प्रकार अडला तरी बाकीचे अडत नाहीत.

लेड-ॲसिड बॅटऱ्या, जुने कॉम्प्युटर यांची यात भर घालू नका. बॅटऱ्यांना २०२२ चे वेगळे नियम आहेत, ई-कचऱ्यालाही. ‘एवीतेवी गाडी चाललीच आहे’ म्हणून यूपीएसची बॅटरी गोणीत टाकणारे महाभाग प्रत्येक कारखान्यात एक तरी असतात.

फॉर्ममध्ये पाठवणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र असतं. त्यावर आपण न वाचता सही करतो. त्यात म्हटलेलं असतं की मालाचं वर्णन पूर्ण, अचूक आणि ‘प्रॉपर शिपिंग नेम’ने केलेलं आहे, वर्गवारी, पॅकिंग, खुणा आणि लेबल सगळं नीट आहे. हे ‘प्रॉपर शिपिंग नेम’ काय असतं ते मला तीन वर्षं माहीत नव्हतं. अनुसूची १ चा कोड हा मंडळासाठी आहे, कचरा कोणत्या प्रक्रियेतून आला ते त्यावरून कळतं. पण वाघोलीजवळ गाडी कलंडली तर अग्निशमन दलाच्या माणसाला ‘२१.१’ या आकड्यावरून काय कळणार? त्याला हवं असतं संयुक्त राष्ट्रांच्या यादीतलं नाव, क्रमांक आणि धोक्याचा वर्ग. पेंट किंवा पेंटशी संबंधित पदार्थ, यूएन १२६३, वर्ग ३, म्हणजे ज्वलनशील द्रव. वापरलेलं सल्फ्युरिक ॲसिड, यूएन १८३२, वर्ग ८, म्हणजे क्षरणकारी. मोटार वाहन नियमांनुसार गाडीवर जो आपत्कालीन माहितीचा फलक लावतात त्यावरही पदार्थाचं अचूक तांत्रिक नाव आणि वर्ग लागतो. अमेरिकेत तर या वर्णनाचा क्रमसुद्धा ठरलेला आहे, आधी यूएन क्रमांक, मग नाव, मग वर्ग, मग पॅकिंग गट (धोका किती तीव्र ते), आणि माल कचरा असेल तर नावाआधी ‘वेस्ट’ हा शब्द. आपल्याकडे छोट्या युनिटकडून कुणी इतका काटेकोर क्रम मागत नाही, पण मी तोच वापरते. वर्णनाच्या रकान्यात आधी तक्त्यातलं नाव आणि कोड, त्यापुढे यूएन नाव, क्रमांक आणि वर्ग. दोन वाचणारे, दोघांना पुरेल असं एकच वाक्य.

यूएन नाव स्वतः अंदाजाने ठरवू नका. मूळ रसायनाच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये भाग १४ वाहतुकीचा असतो, तिथून सुरुवात करा. मात्र ती शीट नव्या थिनरची असते. तुमच्या पिंपात थिनर, पेंट, धूळ आणि कुणाचा तरी चहाचा कप असतो. पृथक्करणाचा अहवाल आणि केंद्राचा केमिस्ट यांना विचारून मगच पक्कं करा.

सायनाइडबद्दल मात्र मी चेष्टा करत नाही. सायनाइडच्या बाथवर झिंक करणारी युनिटं अजून आहेत. संपलेला सायनाइड बाथ १२.३ आणि पिकलिंगचं, म्हणजे धातूवरचा गंज काढायचं, संपलेलं ॲसिड १२.२, दोन्ही एकाच शेडमधून एकाच दिवशी निघतात. ही दोन द्रव्यं एकत्र आली की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि त्यात माणूस मरतो. लेबलवर ‘यासोबत ठेवू नये असे पदार्थ’ अशी जागा असते. ती लोक रिकामी सोडतात किंवा ‘निरंक’ लिहितात. फॉर्म १० वर विशेष सूचनांच्या जागीही ‘निरंक’. सायनाइडच्या पिंपावर ‘आम्लापासून दूर, एकाच गाडीत आम्ल भरू नये’ हे मराठीत आणि हिंदीत लिहिलंच पाहिजे, कारण पिंपं चढवणारी माणसं इंग्रजी वाचत बसत नाहीत. नियमही तेच सांगतो. फॉर्म ८ च्या लेबलची पार्श्वभूमी झळझळीत पिवळी, ‘घातक कचरा’ आणि ‘सांभाळून हाताळा’ हे शब्द लाल, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, आणि लेबल न धुतलं जाणारं, ऊन-पावसात टिकणारं.

चिंध्या आणि वेस्ट कॉटन ३३.२. थिनर लागलेल्या आणि तेल लागलेल्या वेगळ्या ठेवा, एवढंच.

संपर्काचा फोन ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे. आमच्या लेबलवर ऑफिसचा लँडलाइन होता, जो सहानंतर कुणी उचलत नाही. गाडी मात्र चाकणच्या कोंडीतून निघून शिक्रापूरमार्गे रांजणगावच्या प्रक्रिया केंद्रावर पोचेपर्यंत अंधार पडलेला. ज्याच्या हाती रात्रीही फोन असतो अशा माणसाचा नंबर टाका आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की बदला. ड्रायव्हरदादांकडे फॉर्म ९ चं आपत्कालीन कार्ड दिलंय ना, हेही तेव्हाच बघा. ते पाठवणाऱ्यानेच द्यायचं असतं.

गाडी गेटाबाहेर पडली आणि मग चूक लक्षात आली तर? फोन करा, गाडी थांबवा किंवा केंद्राला आधी कळवा. सात प्रतींपैकी पांढरी मंडळाला, पिवळी आपल्याकडे, बाकी पाच गाडीबरोबर, म्हणजे आपल्या पिवळ्या प्रतीवर खाडाखोड करून उपयोग काय? उलट दोन प्रतींत दोन वर्णनं होतात आणि मामला साध्या चुकीवरून संशयावर जातो. ऑनलाइन भरलेला मॅनिफेस्ट असेल तर तो रद्द करून नव्याने करावा, कारण लिहून ठेवावं. आणि निळी प्रत, सहावी, घेणाऱ्याकडून आपल्याकडे परत यायची असते. ती आली नाही तर तुमचा कचरा पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे नाही. मी दर महिन्याच्या पाच तारखेला पिवळ्या आणि निळ्या प्रती शेजारी ठेवून टिक करते, जशी बँकेच्या स्टेटमेंटची करते.

मध्येच एक शंका नेहमी येते: ‘आम्हाला कन्सेंटच लागत नाही, मग हे सगळं कशाला?’ पाणी आणि हवा कायद्यांखाली ज्यांना कन्सेंट लागत नाही त्यांना २०१९ च्या दुरुस्तीनंतर घातक कचऱ्याचं वेगळं ऑथोरायझेशन लागत नाही, पण कचरा अधिकृत वापरकर्त्याकडे, संकलकाकडे किंवा विल्हेवाट केंद्राकडेच गेला पाहिजे ही अट आहे. भंगारवाल्याची पावती त्यात बसत नाही.

या सगळ्या चुकांचं मूळ मला उशिरा कळलं. वर्णन आम्ही गाडी दारात उभी असताना लिहायचो. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, हमाल चहाला गेलेत, पिंपात काय आहे ते भरणाऱ्या मुलाला आठवत नाही आणि तो मुलगा आज सेकंड शिफ्टला. अशा वेळी माणूस ‘केमिकल वेस्ट’च लिहिणार. म्हणून आता पहिली बादली ओतायच्या आधी पिंपाला लेबल लागतं: नाव, कोड, अवस्था, कशाजवळ ठेवायचं नाही आणि साठवणुकीची तारीख. तारखेचा आणखी एक फायदा. साठवणुकीची मर्यादा ९० दिवसांची आहे आणि गाडी पूर्ण भरायची वाट बघता बघता ती कधी उलटते ते कळत नाही. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा होणाऱ्या छोट्या युनिटांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं, पण ती मागावी लागते. गाडीच्या दिवशी मी पिंपावरचंच मॅनिफेस्टवर उतरवते. नवीन काही सुचवायचं नाही, अशी स्वतःला ताकीद.

ही पद्धत सुरू केली आणि त्यानंतरच तिसऱ्यांदा गाडी परत आली. कोड बरोबर, वजन बरोबर, लेबलं पिवळीधमक. तरी ‘पेंट स्लज’ लिहिलेल्या पिंपात केंद्राला फॉस्फेट गाळ सापडला, आणि फॉस्फेटच्या पिंपात पेंट. एकाची वाट भट्टीची, दुसऱ्याची भूभरणाची, म्हणजे दोन्ही थांबली. मी दोन दिवस रजिस्टर चाळलं. शेवटी आमच्या प्लँटमधले मामा, जे गेली वीस वर्षं टाक्या साफ करतात, म्हणाले, “मॅडम, शुक्रवारी दोन्ही पिंपं उघडली होती, थोडं थोडं भरायचं होतं. झाकणं खाली ठेवली होती शेजारी शेजारी.”

लेबलं झाकणावर चिकटवलेली होती.

आता आम्ही लेबल लॅमिनेट करून तारेने पिंपाच्या अंगालाच अडकवतो आणि तोच नंबर ऑइल पेंटने पिंपाच्या पोटावर घालतो. साधं मार्कर पेन तेलकट पत्र्यावर पंधरा दिवसही टिकत नाही.